रंगीत भगवंतराव

आमच्या घरचा टीव्ही रंगीत आहे की नाही, हा प्रश्न वडनेर भोलजीत बेचाळीस वर्षं प्रलंबित होता. 'प्रलंबित' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात मी वरिष्ठ सहायक आहे, आणि प्रलंबित म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. कार्यालय कोणतं ते सांगत नाही, कारण पुढं खात्याविषयी दोन-चार गोष्टी कबूल कराव्या लागणार आहेत.

टीव्ही एकोणीसशे ब्याऐंशी सालचा. नॉर्डव्हिक नावाच्या परदेशी कंपनीचा, समोर दोन्हीकडून सरकणारं लाकडी शटर असलेला. माझे मामा मुंबईला गोदीत नोकरीला होते. त्यांनी तो एका बोटीवरच्या साहेबाकडून मिळवला आणि रेल्वेनं पाठवून दिला. बाबांनी, म्हणजे भगवंतरावांनी, तो स्टेशनवरून बैलगाडीत घालून आणला आणि वाटेत भेटेल त्याला सांगितलं की रंगीत आहे. पुढं चित्र दिसायला लागलं तेव्हा ते काळं-पांढरं निघालं, आणि टीव्ही चालला तेवढी सगळी वर्षं काळं-पांढरंच निघत राहिलं. बाबा मात्र रंगीत म्हणायचं सोडेनात. त्यामुळे गावानं बाबांचंच नाव 'रंगीत भगवंतराव' ठेवलं. शाळेत मी रंगीत भगवंतरावांचा पोरगा होतो. माझं लग्न ठरताना सासरच्यांनी गावात चौकशी केली, तर कोणी तरी सांगितलं, "माणसं चांगली आहेत, फक्त बापाच्या बोलण्यावर जाऊ नका." माझी बायको सुचिता हे वाक्य अजूनही भांडणात काढते.

तर यंदाच्या दिवाळीत आमची पोरगी समीक्षा पुण्याहून आली, तिनं टीव्हीवरचा टेबलक्लॉथ बाजूला करून फोटो काढला आणि मोबाईलवरून सगळ्या जगाला दाखवला. आठ दिवसांनी मला फोन आला. जुन्या घरगुती वस्तूंचं एक संग्रहालय पुण्यात निघालं आहे, तिथल्या अर्पिता मॅडम बोलत होत्या.

"सर, हा सेट अस्सल रंगीत असेल तर फार दुर्मीळ आहे. पण तपासावं लागेल. बरेचदा खोकं जुनं असतं आणि आतली ट्यूब नंतर बदललेली असते. किंवा सेट मुळात कृष्णधवल असतो आणि घरच्यांचा समज वेगळा असतो."

'घरच्यांचा समज' हे शब्द मला लागले. मी माझ्या फोनवरच्या मराठीत, म्हणजे जी मी फक्त जिल्हाधिकारी कार्यालयाशी बोलताना वापरतो तिच्यात, म्हणालो, "मॅडम, आमच्या घरी समज नसतो. माहिती असते."

मग त्यांनी सांगितलं की वस्तू स्वीकारली गेली तर तिच्याखाली पितळी पाटी लागते आणि पाटीवर देणाऱ्याचं नाव असतं. ती पाटी मला तिथल्या तिथं दिसली. 'रंगीत दूरचित्रवाणी संच. श्री. भगवंतराव, वडनेर भोलजी, यांजकडून.' रंगीत आणि भगवंतराव हे दोन शब्द शेजारी शेजारी, आणि तेही सन्मानानं. बाबा शहाऐंशीचे झालेत. त्यांच्या हयातीत ही पाटी लागली पाहिजे, तिचा मोठा फोटो आमच्या ओट्यावर टांगला पाहिजे आणि समोरच्या ओट्यावरच्या महादेवरावांना तो सकाळ-संध्याकाळ दिसला पाहिजे, असं मी ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं. माझा स्वतःचाही बाबांवर विश्वास नव्हता, आणि त्याची मला लहानपणापासून लाज वाटत होती.

संग्रहालयाचा अर्ज आला. संचामागच्या पट्टीवरच्या क्रमांकाचा फोटो, त्या काळचा एखादा कागद, सत्तरी ओलांडलेल्या साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र आणि संच रंगीत चालतानाची चित्रफीत, असे चार पुरावे हवे होते. अर्ज वाचून मला त्या बाईंविषयी आदर वाटला. खात्यात अठ्ठावीस वर्षं काढूनही चार पुरावे एकदम मागण्याचं धाडस मला झालेलं नाही. आम्ही एका वेळी एकच मागतो, आणि तो आणला की दुसऱ्याची आठवण करून देतो.

बाबांना सांगितलं तर ते अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणाले, "काही गरज नाई. म्या सांगतलं ना रंगीत आहे म्हून. त्याले कागद काऊन पाह्यजे?"

हा मला त्यांचा विनय वाटला.

क्रमांकाची पत्र्याची पट्टी टीव्हीच्या मागे, खालच्या कोपऱ्यात असते असं अर्पिता मॅडम म्हणाल्या होत्या. मी टीव्ही फिरवला तर तिथं पट्टी नव्हती, लाल-पिवळा गोळा होता. दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. शिलाई मशीन, पाण्याची मोटर, माझी मोपेड आणि टीव्ही. समोरून हळद-कुंकू वाहिलं तर काच खराब होते म्हणून आईनं, म्हणजे पुष्पाबाईंनी, पहिल्या वर्षापासून मागची पट्टी धरली होती. बेचाळीस दसऱ्यांचं हळद-कुंकू, तेही तेलात कालवलेलं. शिवाय ज्या काळात रविवारी सकाळी देवाची मालिका लागायची त्या काळात दर रविवारी एक बोट जास्तीचं. थर चांगला अर्ध्या इंचाचा झाला होता.

"घासलेट लाव," महादेवराव ओट्यावरून म्हणाले. आमच्या घरात काय चाललंय ते त्यांना त्यांच्या ओट्यावरून नीट दिसतं. ते बाबांचे बालमित्र आहेत आणि बाबांना रंगीत हे नाव त्यांनीच ठेवलेलं आहे.

"देवाचं कुकू आहे ते," आई कडाडली. "घासलेट लावानं तं हात मोडतीन."

मग गल्लीची बैठक बसली. कोणी लिंबू सुचवलं, कोणी गरम तूप, एकानं तर गाडी धुवायचा फवारा सुचवला. शेवटी आईनं अटी घातल्या. गुरुवार, अंघोळ करून, कोमट पाणी, कोरं फडकं, आणि निघेल ते पाणी तुळशीलाच जायला पाहिजे. मी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली. रजेचं कारण 'धार्मिक' लिहिलं. टीव्हीच्या मागे भिंतीला पाठ लावून, धोतर नेसून मी दीड तास बसलो होतो. मॉडेल निघालं, साल निघालं, क्रमांकाचे पहिले पाच आकडे निघाले. शेवटचे दोन आकडे कुंकवाबरोबर सुटून तुळशीत गेले.

अर्पिता मॅडमनी फोटो पाहून कळवलं, "अंशतः ग्राह्य." इतका सुंदर शब्दप्रयोग मी आजवर ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी कार्यालयात तीन फाइलींवर वापरला.

कागदाची गोष्ट वेगळीच झाली. त्या काळी टीव्ही ठेवायला पोस्टातून लायसन काढावं लागायचं. बाबा म्हणाले, लायसन उंदरानं खाल्लं. मी पोस्टात गेलो. तिथल्या बाईंनी मला आदरानं बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की एवढं जुनं दप्तर राहत नसतं, पाहिजे तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. टाकला. महिन्याभरानं एका ओळीचं उत्तर आलं, 'माहिती निरंक.' अठ्ठावीस वर्षं मी हा शब्द लोकांना लिहून पाठवला, पण तो घरी येऊन पडल्यावर कसा दिसतो ते पहिल्यांदाच पाहिलं. जेवण गेलं नाही.

आणि मग लायसन आईला सापडलं. जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात, कोणाही उंदरानं न खाल्लेलं. बाबांनी ते तिथं ठेवलं असावं असं आई म्हणाली, तर बाबा एकदम झोपले. दुपारचे बारा वाजले होते. लायसनवर नाव, गाव, तारीख सगळं होतं. संचाचा प्रकार या रकान्यात कोणी तरी ठळक अक्षरात 'एक' असं लिहिलं होतं.

आता राहिला साक्षीदार. यातली अडचण अशी की टीव्ही आला ब्याऐंशीला आणि आमच्या भागात दिसण्याजोगं प्रक्षेपण सुरू झालं त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. तोवर टीव्हीवर फक्त मुंग्या दिसायच्या. पण गावात टीव्ही हा एकच, त्यामुळे लोक मुंग्या पाहायला यायचे. सतरंजी टाकली जायची. सरपंच खुर्चीवर बसायचे. तास-दीड तास मुंग्या पाहून, "आज बऱ्या होत्या," असं म्हणत मंडळी पांगायची. त्या मंडळींपैकी चालतेबोलते एकटे महादेवराव उरले होते. मी मान खाली घालून समोरच्या ओट्यावर गेलो.

"सही करतो ना," महादेवराव म्हणाले. "काऊन नाई करणार? पण जे पाह्यलं तेच लिहीन. खोटं मले जमत नाई."

तहसीलसमोरच्या लेखनिकाकडून त्यांनी शंभराच्या मुद्रांकावर लिहवून आणलं, 'मी प्रतिज्ञेवर कथन करतो की उपरोक्त संचावर सन १९८२ ते १९८४ या कालावधीत मी स्वतः वेळोवेळी मुंग्या पाहिल्या असून त्या काळ्या होत्या.' खाली सही. वर मला म्हणाले, "पांढऱ्या बी होत्या काही. ते लिहाचं राह्यलं."

घरी येऊन मी तो कागद आपटला. सुचिता म्हणाली, "अहो, सोडा आता. आपल्याच घरचं हसं करून राह्यले तुमी." पण मी आता इरेला पेटलो होतो. एकदा मुद्रांक खर्ची पडला की फाइल बंद करायची नसते.

नांदुऱ्याला धम्मरत्न म्हणून एक मेकॅनिक आहे. पन्नाशीचा माणूस, आयटीआय केलेला. दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात, पण जुना ट्यूबवाला टीव्ही उघडायला न घाबरणारा तालुक्यात तोच एक उरला आहे. तो आला, चष्मा कपाळावर चढवून टीव्हीच्या मागे शिरला आणि आतली धूळ फुंकत राहिला.

"साहेब," शेवटी आतून आवाज आला, "ट्यूब रंगीत आहे. शंभर टक्के. अन् कोणी हात लावेल नाई. कंपनीचं सील जसंच्या तसं आहे."

मी ओट्यावर जाऊन हे वाक्य शक्य तेवढ्या मोठ्यानं पुन्हा म्हटलं. महादेवराव म्हणाले, "मंग लावा ना. पाहू द्या."

लावायचा म्हणजे सोपं नव्हतं. हल्लीची छत्री आणि तिचा डबा या टीव्हीची भाषाच बोलत नाहीत. मध्ये एक दुभाषा जोडावा लागतो, तो धम्मरत्ननं अकोल्याहून मागवला. रविवारी सकाळी अकराला अर्धी गल्ली आमच्या बैठकीत जमली. शटर सरकवलं, आईनं नारळ फोडला, मी मोबाईल धरून चित्रफितीला तयार. टीव्ही गुरगुरला, उजळला, आणि एक बाई बातम्या द्यायला लागल्या. काळ्या-पांढऱ्या.

"पाय बे शालिग्राम," महादेवराव मला म्हणाले, "मुंग्या गेल्या, पण रंग तोच."

लोक हसले. मी बाबांकडे पाहिलं. ते खाटेवर बसून अडकित्त्याशी खेळत होते, मान वर करत नव्हते. बेचाळीस वर्षं हे हसणं त्यांनी ऐकलं आणि मी तर मुद्दाम लोक बोलावून त्यांना ते पुन्हा ऐकवलं. मला इतकं वाईट वाटलं की मी लोकांना चहा न विचारताच बाहेर काढलं. महादेवराव मात्र गेले नाहीत.

"धम्मरत्नभाऊ," मी म्हणालो, "काय लागन ते करा. पण रंग आला पाह्यजे."

पुढचे तीन तास त्यानं आतली एकेक तार तपासली. काहीच बिघडलेलं नव्हतं, आणि त्यामुळेच तो वैतागला होता. मग अचानक त्याचा हात थांबला.

"साहेब, हे पाहा. हा रंगाचा कंट्रोल. पार शून्यावर आहे. याची दांडी समोर निघाले पाह्यजे. समोर बटण आहे का?"

मी समोर गेलो. तिथं तीन बटणं होती, आवाज, उजेड आणि चॅनलचं. चौथ्या जागी शेगावच्या गजानन महाराजांचा रुपेरी काठाचा छोटा फोटो चिकटवलेला होता. मला कळायला लागल्यापासून तो तिथंच होता. आम्ही टीव्ही लावताना त्याला हात जोडत आलो होतो. तो तिथं का आहे हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

"तो फोटो मी नाई काढत," धम्मरत्न म्हणाला. "तुमच्या घरचा आहे. तुमीच काय ते करा."

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "म्या नाई लावला. तुह्या बापानं लावला. त्याईलेच इचार."

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. बाबांनी अडकित्ता बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला.

"रंग संपला असता," ते म्हणाले.

मग हळूहळू सांगायला लागले. "तुह्या मामानं बटण फिरवून दाखोलं होतं मले, मुंबईले. काय रंग होता! मले वाटलं, आत भरून येत असन. इंजनात डिझल असते तसा. संपला तं इथं कोण भरून देणार होतं? म्हटलं, सध्या बटण काढून रंग बंद ठेवू. काही चांगलं लागलं म्हंजे लावू."

"इतक्या वर्षांत काहीच चांगलं लागलं नाई?" आईनं विचारलं.

"लागलं ना. पण दर खेपेले वाटे, याच्याहून चांगलं लागीन."

"अन् संपत नाई हे कव्हा समजलं?" मी विचारलं.

बाबांनी महादेवरावांकडे बोट केलं. "याच्या घरी रंगीत आला तव्हा. सहा महिने म्या रोज पाह्यलं, आज संपन, उद्या संपन. नाई संपला."

"मंग तव्हाच बटण लावून देयाचं ना, बाबा! लोक तुमाले लबाड म्हणत होते."

"लबाड म्हणत होते तं म्हणू देलं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "बावळट म्हटलं असतं तं मले सोसलं नसतं रे."

त्या वेळी मला हसू आलं नाही. बाप आयुष्यभर खरं बोलत होता आणि ते सिद्ध करायचं साधन त्याच्याच खिशात होतं, पण ते बाहेर काढलं असतं तर त्याचा बावळटपणाही त्याबरोबर बाहेर आला असता. म्हणून तो गप्प बसला. मी आता महादेवराव काय म्हणतात याची वाट पाहत होतो, आणि काही वेडंवाकडं बोलले तर शेजारधर्म गुंडाळून ठेवायची माझी तयारी होती.

महादेवरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "भगवंता," ते म्हणाले, "आमच्या टीव्हीसंगं रिमोट आला होता ना, तो म्या पाच वर्षं कपाटात कुलपात ठेवला. बटणं झिजतीन म्हून. पोरं उठून उठून चॅनल बदलत होती. कोणाले सांगू नको."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि निम्मी कातरलेली सुपारी त्यांच्यापुढे केली.

आईनं पाण्याचं बोट लावून फोटो अलगद सोडवला आणि देवघरात नेऊन ठेवला. खाली खरंच भोक होतं, आत दांडी होती. धम्मरत्ननं ती पकडीत धरून हलकेच फिरवली. पडद्यावर शेतीचा कार्यक्रम लागलेला होता. आधी निवेदकाचा चेहरा जांभळा झाला, मग माणसासारखा झाला, आणि त्याच्या पुढ्यातल्या कॅरेटमधले टमाटे लाल झाले. मागची मेथी हिरवी झाली. आमच्या भिंतीवरच्या नव्या टीव्हीवर हेच टमाटे रोज दिसतात, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. हे मात्र आम्ही सहा जण तोंडं उघडी टाकून पाहत होतो.

आई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. "बेचाळीस वर्षं मी बायायले सांगत होती," ती बाबांना म्हणाली, "आमचा रंगीत आहे म्हून. तुमच्या एका शब्दावर. म्या सोता कव्हाच पाह्यला नाई."

बाबा खाटेवरून उठले आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून ते गेली सहा वर्षं जमिनीवर बसलेले नव्हते.

मी चित्रफीत पाठवली. दहा मिनिटांत अर्पिता मॅडमचा फोन. अभिनंदन सर, अस्सल आहे, तुमचे वडील खरंच बोलत होते, बुधवारी गाडी पाठवते, पाटीवरचा मजकूर सांगा. माझे डोळे भरून आले. मी मोबाईल कानाला तसाच धरून आत ओरडलो, "बाबा, झालं! बुधवारी गाडी येऊन राह्यली!"

"कायची गाडी?" आईनं मान न वळवता विचारलं.

"टीव्ही नेयाले."

"टीव्ही कुठीच जात नाई."

मी पाटीचं सांगितलं, पितळेचं सांगितलं, बाबांचं नाव पुण्याला लागणार म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "ज्याले माहीत व्हाले पाह्यजे होतं त्याले झालं," आणि महादेवरावांना चहा टाकायला तिनं सुचिताला सांगितलं. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "शालिग्राम, आता तुह्या मायले काही सांगाचं तोंड मले राह्यलं नाई."

फोनवर अर्पिता मॅडम अजून थांबलेल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्या म्हणाल्या, "सर, मला नोंदवहीत नकाराचं कारण लिहावं लागतं. काय लिहू? नादुरुस्त, मालकीचा वाद, की इतर?"

मी आत पाहिलं. महादेवरावांनी समोरच्या ओट्यावरून आपली खुर्ची आणून टीव्हीपुढे मांडली होती. धम्मरत्न पकड धरून बसला होता. बाबा त्याला सांगत होते, "पुरे, पुरे, थोडा कमी कर," आणि आई म्हणत होती, "अजून वाढवा."

"लिहा मॅडम," मी म्हणालो, "वस्तू वापरात आहे."